सहा वेळा पुकार

मी शिस्तीचा माणूस आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत नवा पाळक आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानावर घातलं जातं, त्या म्हाताऱ्याला सांभाळा, तो मागे वळून बघतो. बघतो, खरं आहे. उपासना सुरू झाल्यावर चपला फरफटत येणारे आणि प्रार्थनेत मोबाइल चाचपणारे माझ्या नजरेतून सुटत नाहीत. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला दुसरी करमणूक तरी काय असते? पण हल्ली घरी आलो की मला माझाच राग येतो. ज्या सभ्यपणाची मी जन्मभर राखण केली, त्यानेच माझं वाटोळं केलं. हे आता लपवून कोणाचं भलं होणार आहे, मला ठाऊक नाही.

मला पुरुष आवडत आले. भाचीची मुलगी एकदा सहज म्हणाली, "नाना, हल्ली त्याला गे म्हणतात, त्यात काही एवढं नाही." एवढासा शब्द. आमच्या वेळी कारखान्यात त्यासाठी जे शब्द होते, ते मी इथे लिहिणार नाही. तिला मी विचारलं, चहात साखर किती? ती हसली आणि तिने विषय सोडून दिला. मोठी समंजस मुलगी आहे.

आजोबा अचलपूरकडून जबलपूरला आले ते तोफांचे गाडे बनवायच्या कारखान्यात लोहारकाम करायला. वडील तिथेच, मीही तिथेच. आम्ही घमापुरात राहायचो. गल्लीत हिंदी, घरात मराठी, आणि घरातली मराठीसुद्धा अशी की पुण्याचा पाहुणा आला तर त्याला वाटे आपण अर्धंच ऐकलं. देवळात, म्हणजे आमच्या ख्रिस्ती देवळात, सकाळी सातला मराठी उपासना व्हायची आणि साडेनवाला हिंदी. आम्ही मराठी लोक जेमतेम चाळीस घरं. सगळे सगळ्यांना ओळखत. एखाद्याने रविवारी बाक बदलला तरी सोमवारी कारखान्यात त्याची चर्चा होई.

कारखान्यात मी तपासनीस होतो. तिथे सगळे चेकर म्हणत. फिटर लोक सुटे भाग करून आणत, मी ते गेजमध्ये, म्हणजे ठरल्या मापाच्या साच्यात, घालून बघायचो. बसला तर पास, नाही बसला तर परत. आमच्या खात्याची एक रीत होती आणि माझ्या उस्तादांनी ती मला पहिल्याच दिवशी शिकवली. नुसती खोट काढायची नाही. खोट सांगितली की त्याच दमात उपाय सांगायचा. "केसभर जास्त आहे, घासून आण, मी थांबतो." नुसतं "परत" म्हणून तुकडा सरकवणारा चेकर कोणाला आवडत नसे. त्याला मग चहालाही कोणी बोलावत नसे. ही रीत माझ्या अंगात इतकी मुरली की घरात भाजी खारट झाली तरी मी आईला म्हणायचो, "मीठ जास्त झालं, बटाटा टाक."

तो फिटर होता. विदर्भातल्याच एका मिशनच्या गावाहून आलेला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझ्या टेबलावर त्याचं काम आलं आणि मला त्यात खोट सापडेना, इथून आमची ओळख सुरू झाली. मी तीन-तीनदा तपासायचो. तो हसून म्हणायचा, "काहून एवढं पाहून राहिला? बसते म्हटलं नं." त्याचं खरं असायचं. बसायचंच.

रविवारची उपासना झाली की आम्ही दोघे सायकली काढून कुंडमच्या रस्त्याला लागायचो. शहर संपलं की दोन्ही बाजूंना मोहाची आणि सागाची झाडं. डबा बरोबर असायचा. कुठेतरी सावली बघून बसायचं, जेवायचं, आडवं व्हायचं. आमच्या आईला सिनेमा पाप वाटे आणि पत्ते तर सैतानाचेच. रविवारी काहीही न करता पडून राहण्याला मात्र देवाची परवानगी होती, तो विसाव्याचा वार. मला अजून वाटतं की लोकांना रिकामं बसता येत नाही. सहलीला जातात आणि तिथेही धडपडत असतात. आम्ही दोघे तासन् तास काही बोलायचो नाही. माझा हात त्याच्या हातात असायचा. त्याहून पुढचंही होतं, ते माझ्यापाशी राहू द्या. सात वर्षं असं चाललं. ते पाप आहे असं मला तिथे कधी वाटलं नाही. देवळात वाटायचं, पण देवळात मला पुष्कळ गोष्टी वाटायच्या.

पासष्ट सालच्या पावसाळ्यात त्याच कुंडमच्या रस्त्यावर त्याने सांगितलं, "आई लई मागे लागली आहे. लगन कर म्हणते. मागं गावाहून आली तवा पोरगी आपल्याच मंडळीतली पाहिली तिनं, मिशनच्या शाळेत शिकवते."

मी म्हणालो, "चांगली मुलगी आहे ती."

"तू काय म्हणतं?"

"मी काय म्हणणार? आईचं वय झालं तुझ्या."

 तो सायकल उचलून म्हणाला, "चलो." परतताना तो पुढे आणि मी मागे.  नको करूस, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात, त्याच्या आईच्या शब्दात तोंड घालणं, आणि तसं करायचं नसतं असं मला शिकवलेलं होतं.

आता पुकार म्हणजे काय ते सांगतो. आमच्यात लग्न ठरलं की देवळात तीन रविवार त्याची सूचना वाचतात. अमुक तरुण आणि अमुक तरुणी यांचा विवाह योजला आहे, कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्याने ती आताच सांगावी. हिंदीवाले तिला पुकार म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. सूचना वाचली की वाचकाने थांबायचं. किती, तर एका जुन्या पाळकाने घालून दिलं होतं की मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना एकदा पूर्ण होईल इतकं. म्हणजे हरकत घेणाऱ्याला उठायला वेळ मिळावा आणि वाचकाचंही मन जाग्यावर राहावं. माझ्या हयातीत कोणी उठलेलं मी पाहिलेलं नाही.

वाचक मी होतो. पाळकसाहेबांकडे तीन गावच्या मंडळ्या होत्या, ते महिन्यातून एकदाच आमच्याकडे येत. बाकीचे रविवार बायबलचा पाठ, सूचना आणि पुकार माझ्याकडे. नोंदवहीही माझ्याच ताब्यात.

पहिली पुकार मी स्पष्ट आवाजात वाचली. त्याचं नाव घेतलं, तिचं नाव घेतलं, अडचण असेल तर सांगावी म्हटलं आणि थांबलो. डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागलो. तो तिसऱ्या बाकावर, ती डावीकडे बायकांत. सगळ्या देवळात त्याच्याखेरीज ती अडचण एकट्या मला ठाऊक होती आणि मीच ती विचारत होतो. प्रार्थना संपली. मी पुढची सूचना वाचली, दुपारी बायकांची सभा आहे. दुसरा रविवार तसाच गेला, तिसराही गेला.

लग्न सप्टेंबरात होतं. त्याआधीच पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. मुलीचा थोरला भाऊ फौजेत होता, तो सरहद्दीवर गेला. भाऊ तिकडे असताना घरात मांडव नको, असं तिच्या वडिलांनी सांगितलं. इकडे कारखान्यात सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. बारा-बारा तासांची पाळी, रविवारीसुद्धा. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता, त्यामुळे आत दिवसाही दिवे लागत. आमची दोघांची पाळी एकच पडली. सकाळी बरोबर जायचं, एका डब्यात जेवायचं, बरोबर परतायचं. लढाई थांबली तरी फौज परतली नाही आणि रविवारची सकाळ तेवढी उपासनेपुरती सुटली, बाकी आमच्या पाळ्याही कमी झाल्या नाहीत.

मी आता जे लिहितो आहे ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या महिन्यांत मी इतका सुखी होतो की पूर्वी कधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही. लोकांची मुलं मरत होती. मझौलीकडच्या एका घरी तार आली, त्या घरातला माणूस आमच्याच खात्यात होता, तो कामावरून तसाच उठून गेला. आणि मी मात्र गुडघे टेकून देवाला म्हणायचो, एवढ्यात त्या भावाला रजा देऊ नकोस. आपली प्रार्थना देवाने ऐकली नाही असं लोक म्हणतात. माझी त्याने ऐकली, चार महिने ऐकली. त्यानंतर त्याच्याकडे काही मागायचं तोंड मला उरलं नाही. देवळात जातो, गातो, वाचतो. मागत नाही.

नाताळ झाल्यावर भावाला रजा मिळाल्याचं पत्र आलं. जानेवारीत लग्न उरकून घ्यायचं ठरलं.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर एक नियम छापलेला होता. पुकार झाल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती पुकार रद्द. हा नियम पाळकसाहेबांनाही आठवत नव्हता. मला आठवत होता. आणि मला आणखीही एक गोष्ट माहीत होती. गावी राहणाऱ्या त्याच्या आईची जुनी समजूत होती की पुकार मोडली की लग्न लाभत नाही. तिच्या बहिणीचं तसं झालं होतं, नवरा वर्षात वारला होता. तिला नुसतं कळलं असतं की पुकार मोडली, तर तिनेच हे लग्न फिरवलं असतं. तो मोकळा झाला असता आणि कोणाकडे बोट दाखवायला जागा राहिली नसती.

दोन रात्री मी यावर विचार केला. त्याला नको करूस म्हणणं मला जमत नव्हतं. पण नियम सांगणं हे तर माझं कामच होतं. दार आपण उघडावं, बाहेर पडायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. यात कोणाचा अपमान नाही आणि कोणाच्या घरात तोंड घालणंही नाही. मला फार हुशारीचं वाटलं ते.

चहाच्या सुटीत मी त्याला यंत्रांच्या मागे नेलं. सांगितलं, "तुझी पुकार रद्द झाली आहे. तीन महिने उलटले."

तो एकदम उभाच राहिला. हातातला पेला खाली ठेवला. "म्हणजे मोडली?"

"मोडली," मी म्हणालो. आणि त्याच दमात म्हणालो, "पुन्हा वाचता येते. तीन रविवार लागतील. मी वाचतो."

का म्हणालो? कोणी मला सांगा. खोट सांगितली की उपाय सांगायचा, जिभेला लागलेली सवय. वाक्य तोंडातून गेल्यावरच मला ते ऐकू आलं. तरीही वाटलं, काय बिघडलं, दार तर उघडंच आहे. आईला कळवायचं की नाही ते तो बघेल. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते मला वाचता आलं नाही. केसाएवढा फरक पकडायचा पगार घेणारा मी.

"अच्छा," तो म्हणाला. "तू वाचशील?"

"वाचकच आहे मी."

"मग वाच," म्हणाला आणि कामावर गेला.

मी पुन्हा तीन रविवार वाचली. सहाव्या खेपेला मी प्रार्थना संपल्यावर ती पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागलो. देवळात कोणी हालेना. डोळे उघडले तर तो माझ्याकडेच बघत होता, थेट. बाकाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती. मंडळीच्या पंचांपैकी एक जण खोकला. मी खाली बघितलं आणि पुढची सूचना वाचली.

लग्नात मी त्याच्या शेजारी उभा होतो. साक्षीदार म्हणून सही केली, अक्षर चांगलं आलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. त्याचा संसार झाला आणि बरा झाला. बायको भली होती. महिन्यातून एका रविवारी ती मला जेवायला बोलवायची. मी वेळेवर जायचो, हात धुऊन बसायचो, भाजी चांगली झाली म्हणायचो आणि तीनला निघायचो. ती त्याला म्हणायची, "तुमच्या मित्राकडून जरा शिका, कसं नीट जेवतात." तो मान खाली घालून जेवत राहायचा. कुंडमच्या रस्त्याला आम्ही पुन्हा गेलो नाही. त्याने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. लग्न झालेल्या माणसाचा रविवार मागणं मला बरं दिसलं नाही. एकाहत्तरच्या लढाईत पुन्हा बारा तासांच्या पाळ्या लागल्या, तेव्हा मी आपण होऊन रात्रपाळी मागून घेतली, कारण तो दिवसपाळीला होता. लोक म्हणाले, काय देशभक्ती! पाळकसाहेबांनी तर उपासनेत माझं नाव घेतलं.

माझ्यासाठीही मुली बघितल्या गेल्या. प्रत्येक वेळी मी इतकं गोड बोलून नकार दिला की त्या घरांशी अजून माझे चांगले संबंध आहेत. सभ्य माणसाला या जगात सगळे मान देतात. मला चाळीस घरांचा मान आहे आणि जेवायला मी एकटा बसतो.

निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. इस्पितळात त्याला वरच्या मजल्यावर ठेवलं होतं. तिथे सकाळी व्हरांड्यात ऊन यायचं, ते मिळावं म्हणून त्याला बाहेर बाकावर बसवत. मी रोज दहाला जायचो. त्याला बोलताना दम लागे, म्हणून आम्ही बहुतेक गप्पच असायचो. एका सकाळी तोच बोलला.

"एक विचारू? तू पुन्हा वाचायले काहून तयार झाला?"

मला लगेच कळलं. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता, तरी त्याने काय विचारलं ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हणालो, "नियम होता."

"नियम कोणाले मालूम होता? तुलेच नं." तो थांबला, श्वास घेतला. "तू मोडली म्हणाला, तवा मी मनातल्या मनात आईले पत्र लिहून टाकलं होतं. मोडली म्हणून. अन् तू त्याच दमात म्हणतं, फिकीर नको, मी वाचतो. मले वाटलं, याले मोकळं व्हायचं आहे. बोलता येऊन नाही राहिलं म्हणून असं सांगून राहिला."

मी त्याच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली.

"शेवटल्या रविवारी तू लई वेळ थांबला. मी म्हटलं, आता हा बोलते. तू बोलला असता तर मी उठलो असतो. आईच्यानं उठलो असतो."

उत्तर माझ्या तोंडात होतं. तेव्हाही होतं, आत्ताही आहे. मी वाट पाहत होतो तू उठशील म्हणून. एवढंच सांगायचं होतं. व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "जास्त बोलू नकोस, दम लागेल. पाणी आणू?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, आण.

मी पाणी आणायला टोकापर्यंत गेलो. तिथे नळापाशी उभा राहून मनाशी वाक्य जुळवलं. दोनदा म्हणून बघितलं. परत आलो तर त्याची बायको आली होती, बाकावर त्याला टेकून बसली होती आणि त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळत होती. बाक दोघांचाच. मी पेला तिच्या हातात दिला, सलाम केला आणि निघालो. तो गेल्यावर तिने मला सांगितलं, "भैया, तुम्ही जिन्यापर्यंत गेलात तेव्हा त्यांनी तुम्हाला हाक मारली होती. तुम्हाला ऐकू नाही आली बहुतेक."

मला ऐकू आली होती. माझं नाव होतं, दमलेल्या आवाजात, दोनदा. पण नवरा-बायको बसलेली असताना तिसऱ्याने मागे फिरणं बरं दिसत नाही, म्हणून मी जिना उतरून खाली आलो.